चार हातांचं गाणं

४ मार्च

आत्यांस नमस्कार.

तुमचा पत्ता ड्रायव्हिंग स्कूलच्या जाहिरातीवरून मिळाला. बाबांनी दिलेला नाही. मी हे पत्र लिहिते आहे हेही त्यांना माहीत नाही. आपण एकदाही भेटलेलो नाही, म्हणून ओळख: मी तुमच्या दादाची मुलगी. वय अठ्ठावीस. जुन्या टेप दुरुस्त करून त्यांवरचा आवाज संगणकात उतरवून घेणाऱ्या प्रयोगशाळेत मी ध्वनी अभियंता आहे.

कंपनी 'चौथा मजला' बँडची पहिली रेकॉर्ड पुन्हा काढते आहे. तिच्या मूळ टेप आमच्याकडे आल्या आहेत. काम माझ्याकडे आलं ते नात्यामुळे नाही; त्या आठवड्यात माझं मशीन रिकामं होतं. कोणत्या गाण्यात कोणी काय वाजवलं याची यादी नव्याने छापली जाणार आहे. ती मला तीस एप्रिलपर्यंत द्यायची आहे. खाली बाबांची सही लागेल, कारण बँड त्यांच्या नावावर आहे. जुन्या मुखपृष्ठावर ड्रमसमोर फक्त मिस्त्रींचं नाव आहे. तुमचं नाव कुठेच नाही.

तीन प्रश्न आहेत.

'पूल' हे गाणं रेकॉर्ड झालं त्या आठवड्यात तुम्ही स्टुडिओत होतात का? त्यात ड्रम वाजवलेत का? आणि वाजवले असल्यास, ते नंतर पुसून टाकले असं तुम्हाला कोणी सांगितलं का?

हो-नाही एवढंच कळवलंत तरी पुरे. बाकी काही लिहायची गरज नाही. 'पूल' मी जन्मापासून ऐकत आले आहे, पण ते पहिल्यांदा ऐकलं गेल्या मंगळवारी. हे वाक्य अचूक नाही. खोडणार होते, पण पेनने लिहिते आहे.

तुमच्या दादाची मुलगी


१५ मार्च

आत्या,

उत्तर मिळालं. पूर्ण मजकूर इथे उतरवते, म्हणजे आपल्यात गैरसमज नको: "हो. हो. हो. तीन वर्षं वाजवलं. मी लयीत पुढे पळते म्हणून दादाने काढलं. त्याचं बरोबर होतं. विषय संपला. ता. क. आत्याला कोणी अहो-जाहो करतं का? घरात काही शिकवलं की नाही?"

ठीक आहे. तू.

विषय संपला असता तर मला आवडलं असतं, कारण मग मला फक्त जुनी यादी टाइप करावी लागली असती. पण तो संपलेला नाही, आणि का ते तुला सांगणं मला भाग आहे.

इतक्या जुन्या टेप ओल धरतात. तशाच मशीनवर लावल्या तर चिकटतात आणि त्यांवरचा लेप सोलून निघतो. म्हणून त्या आधी आठ तास मंद उबेत ठेवाव्या लागतात. आम्ही त्याला भाजणं म्हणतो. भाजलेली टेप थोडेच दिवस नीट चालते, म्हणून जे ऐकायचं ते तेवढ्यात ऐकून, उतरवून घ्यायचं. 'पूल'ची टेप मी सोमवारी भाजली आणि मंगळवारी सकाळी लावली.

त्या टेपवर चार ट्रॅक आहेत, म्हणजे शेजारी शेजारी चार पट्ट्या. प्रत्येकीवर वेगळा आवाज, आणि हवी ती बंद करता येते. दुसऱ्या पट्टीवर गायक. तिसऱ्यावर बाबांची नंतर घेतलेली गिटार. चौथ्यावर मिस्त्रींचे ड्रम. पहिल्या पट्टीवर नुसतं "एकत्र" असं लिहिलं होतं.

त्या गाण्यातला दुहेरी ठोका तुला माहीत असेल. सगळ्यांना माहीत आहे. प्रत्येक ठोक्याच्या पाठीमागे त्याची सावली असल्यासारखा दुसरा ठोका येतो. एकाच माणसाने तो कसा वाजवला यावर लोक वाद घालत आलेत. मला तो जवळून पाहायचा होता. म्हणून मी चौथी पट्टी बंद केली. ड्रम गेल्यावर बाकीचं कसं वाटतं ते ऐकायचं, मग ते परत आणायचे, एवढाच बेत होता.

चौथी पट्टी बंद केली. ड्रम गेले नाहीत. सावली गेली.

टेपच्या डब्यात रेकॉर्डिंगवाल्या काकांची चिठ्ठी आहे. ते आता हयात नाहीत. अक्षर बारीक, पण स्वच्छ: "नवे ड्रम घेतले. जुने निघत नाहीत. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही."

झालं ते असं. गायकाच्या आवाजाला जागा करायची म्हणून त्यांनी तुझे ड्रम, बास आणि बाबांची पहिली गिटार एका पट्टीवर एकत्र केली होती आणि सुट्या पट्ट्या पुसल्या होत्या. तुला काढलं ते त्यानंतर. चहात साखर विरघळल्यावर कोणी म्हणावं, आता साखर तेवढी काढा. तेव्हा काकांनी तुझ्यावरच मिस्त्रींना वाजवायला लावलं आणि झालं म्हणून सांगितलं. तीस वर्षं लोक ऐकतात ते तुम्ही दोघं आहात.

इथपर्यंत माहिती होती. पुढचं माहिती नाही, पण लिहिते.

मी सात वर्षं हे काम करते आहे. दीडशे तरी ड्रमर सुटे ऐकले असतील. चांगले ड्रमर गाण्याला आधार देतात. तू आधार देत नाहीस. तू जमीन घालतेस आणि मग इतर तिघं तिच्यावर चालायला लागतात. तिसऱ्या मिनिटाला तू सगळं सोडून नुसता पायाचा ड्रम ठेवतेस. नऊ ठोके. पाचव्या ठोक्याला माझा हात मशीनवरून खाली आला होता. कधी, ते मला आठवत नाही. तू तेव्हा एकोणीस वर्षांची होतीस. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान.

टेप विनाकारण चालवायची नसते. मी तुझी सहा मिनिटं दोनदा चालवली आणि वहीत कारणाच्या रकान्यात "तपासणी" असं लिहिलं.

तुझी भाची


२९ मार्च

आत्या,

तुझं चार पानी पत्र आलं. "विषय संपला"नंतर चार पानं हे चांगलं प्रमाण आहे.

बँड कसा जमला ते बाबांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मुलाखतीत ते "आम्ही चौघं एका ध्येयाने एकत्र आलो" असं म्हणतात. तुझ्या पत्रात ध्येय नाही. तुझ्या पत्रात चौथ्या मजल्यावरची खोली आहे, बाबांची उसनी गिटार आहे आणि तू ठोकत होतीस ते रंगाचे रिकामे डबे आहेत. तिसऱ्या मजल्यावरचा माणूस भांडायला वर आला आणि दारातून इतक्या सुरात ओरडला, की बाबा म्हणाले, "हाच." तोच पोपट, तुमचा गायक. लांब्याला घेतलं कारण त्याच्याकडे अँप्लिफायर होता. बास वाजवायला तो नंतर शिकला. हे वाचून मी प्रयोगशाळेत हसले. माझी सहकारी खुर्ची फिरवून म्हणाली, "बरी आहेस ना?"

तू विचारलंस, "माझ्यानंतर कोण कोण आलं? मी कधी ऐकायला गेले नाही." सांगते. इतरांच्या घरी भिंतीवरचं कॅलेंडर बदलतं तसे आमच्या घरी ड्रमर बदलायचे.

मिस्त्री दीड वर्ष टिकले. ड्रमचे स्टँड स्वतः जोडायचे म्हणून हे नाव. रेकॉर्ड गाजली, आणि गाजली ती त्या ठोक्यामुळे. कार्यक्रमात लोक त्याच्यासाठीच थांबायचे. मिस्त्रींना तो मंचावर एकदाही जमला नाही. बाबांना वाटलं, माणूस आळशी झाला.

मग मास्तर. ते वाद्यशाळेत शिकवायचे. त्यांनी आधी महिनाभर बसून 'पूल' ठोक्याठोक्याने कागदावर उतरवलं आणि बाबांना कागद दाखवून म्हणाले, "साहेब, हे दोन हातांचं काम नाही. हे चार हातांचं गाणं आहे." बाबा म्हणाले, "एकाने वाजवलंय ना? मग एकालाच जमलं पाहिजे." मास्तर कागद घेऊन घरी गेले ते परत आले नाहीत. त्यावरून पोपट आणि बाबांचं वाजलं, आणि पोपटही गेला. नवा गायक आला, त्याच्याशी लांब्याचं पटेना, लांब्या गेला.

त्यानंतरचा ड्रमर वयाने लहान आणि फार गुणी होता. मी आठ वर्षांची असताना तो आमच्याकडे राहून दिवसभर तो एकच ठोका घोटायचा. सहा महिन्यांनी त्याच्या उजव्या मनगटाची शीर गेली. त्याची आई त्याला न्यायला आली तेव्हा दारातच उभी राहिली, आत आली नाही. चौथ्याचं मला नावही आठवत नाही. शेवटी मूळ चौघांतले फक्त बाबा उरले. ते रोज संध्याकाळी ती रेकॉर्ड लावून म्हणायचे, "असा माणूस असतो. कुठेतरी असतोच."

आता कळतं, त्यांचं खरं होतं. फक्त ती दोन माणसं होती, आणि दोघांनाही त्यांनीच गमावलं होतं.

रविवारी मी मिस्त्रींकडे गेले. ते आता लिफ्ट दुरुस्त करतात. हातातला पाना त्यांनी शेवटपर्यंत खाली ठेवला नाही. मी नुसतं म्हटलं, "मी पहिली पट्टी ऐकली."

त्यांनी लिफ्टचं दार ओढून बंद केलं. मग म्हणाले, "तुला तीस वर्षं लागली."

"माझं वय अठ्ठावीस आहे."

"मग लवकर आलीस." ते पायरीवर बसले. "काकांनी कानाला हेडफोन लावले. आत तुझी आत्या. म्हणाले, हिच्या बरोबरीने वाजव, मग हिला काढून टाकू. मी वाजवलं. जिवापाड वाजवलं. पण ऐकून वाजवायचं म्हणजे केसभर मागे राहणारच. रेकॉर्ड हातात आली, ऐकतो तर बाई आहेच."

"मग बोलला का नाहीत?"

"कोणाला बोलू? पेपरात छापून आलं होतं, जादूचे हात. माझ्या आईने कात्रण फ्रेम करून लावलं. तू असतीस तर काढलं असतंस?"

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. ते म्हणाले, "मंचावर दर वेळी वाटायचं, आत्ता कानात ती सुरू होईल. शेवटी मीच म्हटलं मनगट दुखतं, आणि सुटलो." निघताना त्यांनी विचारलं, "ती वाजवते का अजून?"

मी म्हटलं, "लोकांना गाडी शिकवते."

"वाटलंच," ते म्हणाले. "कोणालातरी धरून ठेवलंच असणार तिने."

तुझी भाची


१० एप्रिल

आत्या,

तुझं पत्र एका ओळीचं आहे आणि ते तीन दिवस माझ्या टेबलावर पडून होतं. "तुझ्याकडे यंत्रं आहेत. मी पळत होते का, ते मोज."

मी मोजायचं टाळत होते. कारण सांगते. तू लिहिलंस, दादाचं बरोबर होतं. दादाच्या त्या एका वाक्यावर तू काठ्या खाली ठेवल्यास आणि पुन्हा कधी हातात घेतल्या नाहीस. मोजल्यावर तू खरंच पळत असलीस तर ते मला तुला लिहून कळवावं लागलं असतं, आणि मी खोटं लिहीत नाही. आणि पळत नसलीस, तर तेही कळवावं लागलं असतं. दोन्हींपैकी जास्त वाईट काय, हे मला ठरवता येईना.

गुरुवारी मोजायला घेतलं.

अडचण अशी की जुनी मशीन एका वेगाने चालत नाहीत. टेप जरा हळू फिरली तर सगळंच संथ वाटतं, आणि मग दोष माणसाचा की मशीनचा हे कळत नाही. पण बाबांनी जोडलेल्या अँप्लिफायरचं वायरिंग वाईट होतं. त्यातून विजेची गुणगुण सतत टेपवर आली आहे. ही गुणगुण सेकंदाला पन्नास वेळा होते. म्हणजे त्या खोलीत पूर्ण सहा मिनिटं एक घड्याळ चालू होतं आणि कोणालाच ते माहीत नव्हतं. मी गाणं बाजूला ठेवून आधी ती गुणगुण सरळ केली आणि मग तुझे ठोके एकेक करून त्या घड्याळावर ठेवले. पाचशे साठ ठोके. दोन दिवस लागले.

विजेचं घड्याळही थोडं हलतं, म्हणून हजारात एक-दोन इतकी चूक धर. ती धरून:

सुरुवातीला तुझा वेग मिनिटाला ब्याण्णव. शेवटी ब्याण्णव आणि वर पाव. तेवढा फरक श्वास घेताना छातीतही पडतो.

मग मी पहिल्या पट्टीवरची, तुझ्याबरोबर वाजवलेली बाबांची गिटार मोजली. चौथ्या मिनिटाला त्यांचं एकट्याचं वादन सुरू होतं. तिथून ते दर ओळीला थोडे थोडे मागे पडतात. ओळ संपेपर्यंत सेकंदाचा चौदावा भाग मागे. हे कानाला चूक म्हणून कळत नाही. वाजवणाऱ्याला मात्र नक्की जाणवतं, आणि काय जाणवतं, तर ड्रम पुढे पळतायत.

आत्या, तू पळत नव्हतीस. बाबा मागे पडत होते.

आणि अजून एक. हे मोजमाप नाही, पण आकड्यांत दिसतं. प्रत्येक ओळीच्या शेवटी, जिथे ते सर्वांत मागे असतात, तिथे तुझा एक ठोका अगदी किंचित उशिरा येतो. एकच. मग तू परत जागेवर. मी आधी तो तुझा दोष म्हणून लाल खुणेने दाखवला होता. अकरा ओळी, अकरा लाल खुणा, सगळ्या एकाच ठिकाणी. अकराव्या खुणेपाशी कळलं की तू त्यांच्यासाठी थांबत होतीस. वाजवता वाजवता, पाचशे साठांतल्या अकरा ठोक्यांवर, कोणाला न कळता.

हे मी शोधून काढलेलं नाही. हे तिथे होतं. मी फक्त त्या खोलीत पोचले, आणि पोचल्यावर हेडफोन काढून ठेवले. सहकारी म्हणाली, "काय, पट्टी खराब निघाली?" मी म्हटलं, "नाही. एवढी चांगली मी बघितलेली नाही."

तुझे सहा मिनिटांचे ड्रम, मिस्त्रींशिवाय, सोबतच्या सीडीवर आहेत. बास आणि गिटार त्यांना चिकटलेले आहेत, ते सुटत नाहीत. ऐकायचे की नाही ते तू ठरव.

तुझी भाची


२१ एप्रिल

आत्या,

तू ऐकलंस. ते शिकवणीच्या गाडीतच ऐकलंस, शेजारी विद्यार्थी बसलेला असताना, हे तुझं तू बघ. तू लिहितेस, "दुसऱ्या मिनिटाला माझी झांज चुकली आहे, ती कशी तुझ्या यंत्राला दिसली नाही?" दिसली होती. मला वाटलं, सांगायची गरज नाही. बाकीच्या पत्रात तू काहीच म्हटलेलं नाहीस, आणि पान तीन ठिकाणी ओलं होऊन वाळलेलं आहे. मी कागदाचीही तपासणी करते, सवय आहे.

यादीत नाव लावायचं का, यावर तू म्हणतेस: "दादाने स्वतःहून लावलं तर. तू भांडून लावू नकोस."

शनिवारी मी बाबांना प्रयोगशाळेत बोलावलं. समोरच्या खुर्चीत बसवलं आणि काही न सांगता चौथी पट्टी बंद करून 'पूल' लावलं.

त्यांनी चारच ठोके ऐकले. "ठमी," असं म्हणाले. तुला ते ठमी म्हणत हे मला ठाऊक नव्हतं. मग त्यांनी पूर्ण ऐकलं, मान खाली घालून. संपल्यावर म्हणाले, "हे कुठून आणलंस?"

"तुमच्याच रेकॉर्डमधून. ती कधी निघालीच नव्हती."

मी त्यांना सगळं दाखवलं. डब्यातली चिठ्ठी. मिस्त्री काय म्हणाले ते. मी विचारलं, "मिस्त्रींचं रेकॉर्डिंग होतं त्या दिवशी तुम्ही तिथे नव्हतात?"

"नव्हतो."

"का?"

"मला बघवलं नसतं," ते म्हणाले. माझ्या आयुष्यात त्यांनी तुझ्याबद्दल माझ्यासमोर उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. मग लगेच म्हणाले, "पण ती पळायची. ते खोटं नाही."

मी आलेख पुढे ठेवला. त्यांना आलेख कळतात. अँप्लिफायर ते स्वतः उघडत, जोडत ते वाईट, पण कळायचं सगळं. त्यांनी बोट ठेवून तुझी रेघ पाहिली, मग स्वतःची. लाल खुणांवर बोट थांबलं. "हे काय?"

"तिथे ती तुमच्यासाठी थांबली आहे."

ते उठले. "मास्तर मला म्हणाले होते, चार हात आहेत," ते म्हणाले. "मी त्यांना हाकललं. त्या पोराची शीर गेली. पोपट गेला. आणि आता तू म्हणतेस कागदावर लिहा, सही करा? नाव मिस्त्रीचंच राहू दे. जग झोपलंय, झोपू दे."

"बाबा, यादी चुकीची आहे."

"तुझ्या आईने तुला हेच शिकवलं, बरोबर आणि चूक. तिसरं काही शिकवलं नाही." ते दार उघडं टाकून गेले.

मी भांडले नाही. तू सांगितलं होतंस म्हणून. तू सांगितलं नसतंस तर भांडले असते. यादीचा फॉर्म माझ्या खणात आहे. ड्रमसमोरची जागा कोरी आहे. तिथे चुकीचं नाव मी टाइप करणार नाही आणि बरोबर नाव मला टाइप करता येणार नाही. नऊ दिवस उरलेत.

तुझी भाची


३० एप्रिल

आत्या,

आज सकाळी प्रयोगशाळा उघडायला गेले तर बाबा पायरीवर बसलेले होते. शेजारी गिटारची पेटी. त्यांनी गिटार हातात घेतलेली मी सहा वर्षांत पाहिली नव्हती.

"मशीन रिकामं आहे का?" त्यांनी विचारलं.

"टेप आता चालवता येणार नाही. संगणकातलं आहे."

"तेच लाव. माझी गिटार कमी करता येईल तेवढी कर आणि ठमीला वर ठेव."

मी सांगितलं की ते पूर्ण होणार नाही, त्यांची जुनी गिटार मागे ऐकू येत राहील. ते म्हणाले, "येऊ दे. त्या गाढवालाही कळू दे."

मग त्यांनी तुझ्याबरोबर वाजवायला सुरुवात केली. चौथ्या मिनिटापासून, त्यांचं एकट्याचं वादन. बोटं आखडलेली, पहिल्या खेपेला सूर तुटले. मी हिशेबाने मोजत होते. दुसऱ्या खेपेला ते होते तेवढेच मागे. पाचव्या खेपेला निम्मे. प्रत्येक वेळी संपल्यावर विचारायचे, "किती?" मी आकडा सांगायचे. ते मान हलवून म्हणायचे, "पुन्हा." सहकारी आली, पिशवी ठेवली, आणि काम सुरू न करता भिंतीला टेकून उभी राहिली.

मला काय दिसत होतं ते नीट सांगायला हवं. बाबा त्रेपन्न वर्षांचे आहेत. स्पीकरमध्ये तू एकोणीस वर्षांची. तू त्यांच्यासाठी काहीही बदलू शकत नव्हतीस, तुझे सगळे ठोके होऊन गेलेले. तरी ओळीच्या शेवटी, दर वेळी, त्याच जागी, तू त्यांच्यासाठी थांबत होतीस. आणि आता ते तिथे वेळेवर पोचायला लागले होते. त्यामुळे तू थांबायचीस तेव्हा ते आधीच तिथे असायचे. दोघं मिळून थांबायचात. मी सात वर्षं आवाज मोजते आहे. मोजता न येणारी गोष्ट मी कामाच्या जागी पहिल्यांदा पाहिली, आणि मशीनचे सगळे काटे चालू होते.

अकराव्या खेपेनंतर त्यांनी विचारलं, "किती?"

"चार मिलिसेकंद. सेकंदाचा अडीचशेवा भाग."

"म्हणजे ती अजून पुढेच आहे."

"नाही बाबा. तुम्ही मागे आहात."

"तेच म्हणतोय," ते म्हणाले आणि गिटार पेटीत ठेवली.

फॉर्म त्यांनी स्वतः मागितला. ड्रमसमोर आधी तुझं नाव लिहिलं, पूर्ण, आपल्या घरच्या आडनावासकट. खाली मिस्त्रींचं. मग सही. मग मिस्त्री, मास्तर आणि त्या मनगटवाल्या मुलाचे पत्ते मला विचारून स्वतः उतरवून घेतले. काय करणार ते सांगितलं नाही. मास्तरांचा पत्ता लिहिताना हात दोनदा थांबला.

तुझी सही अजून हवी. फॉर्म सोबत आहे, तुझ्या नावासमोर पेन्सिलीने फुली केली आहे. कंपनीकडून मी आठवडाभराची मुदत मागून घेतली. मी आजवर मुदत मागितलेली नसल्यामुळे त्यांनी कारण विचारलं नाही.

या पत्रात तुमचंही काही लिहा, असं मी बाबांना म्हटलं. कोरा कागद दिला. ते त्याच्यापुढे पाऊण तास बसले. कागद सोबत जोडला आहे. त्यावर एवढंच आहे:

"ठमे, तू पळत नव्हतीस. — दादा."

अजून लिहा ना, असं मी दोनदा सुचवलं. ते म्हणाले, जागा संपली. तू बघशीलच, खाली सगळं पान मोकळं आहे.

तुझी भाची